कंपनीच्या स्टिरिओवर सबवूफर चालत नाही? फिरत्या संदेशातील दाव्यांचा प्रतिवाद

लग्नसराई जवळ आली की यवतमाळ, वाशीम, अमरावती या भागातल्या तालुक्यांच्या गावी गाडीत सबवूफर, म्हणजे गाण्यातला बेस (खालचे, घुमणारे सूर) वाजवणारा मोठा स्पीकर, बसवून घेणाऱ्यांची गर्दी वाढते आणि त्याच सुमारास एक संदेशही व्हॉट्सॲपच्या गटांतून फिरू लागतो. "प्रत्येक गाडीवाल्याने वाचावे" अशी त्याची सुरुवात असते आणि पुढे अनेक गोष्टी ठामपणे सांगितलेल्या असतात. कंपनीच्या स्टिरिओवर सबवूफर चालतच नाही, म्हणून आधी स्टिरिओ बदलावा. सबवूफरमुळे सहा महिन्यांत बॅटरी बसते, मात्र कॅपॅसिटर (क्षणभरापुरती वीज साठवणारा भाग) लावला की चिंता उरत नाही. हजार वॅटपेक्षा कमी काही घेऊ नये. दारातले स्पीकर फाटतात. गाड्यांना आग लागते ती सबवूफरमुळेच. वॉरंटी संपूर्ण रद्द होते. आणि शेवटी, गाडी आपली, आवाज आपला, कोणी काही करू शकत नाही. यातल्या काही विधानांत थोडे तथ्य आहे, काहींत मुळीच नाही, आणि जिथे खरा धोका आहे तिथे संदेश नेमके चुकीच्या वस्तूकडे बोट दाखवतो, म्हणून एकेका दाव्याचे उत्तर देणे आवश्यक वाटते.

स्टिरिओ बदलण्याचा सल्ला सर्वांत खर्चिक आहे, म्हणून त्यापासून सुरुवात करतो. सबवूफरच्या अँपला, म्हणजे संकेताला जोर देणाऱ्या ॲम्प्लिफायरला, स्टिरिओकडून हवा असतो तो केवळ गाण्याचा संकेत. शक्ती तो बॅटरीकडून थेट घेतो. जुन्या काळी बाजारात मिळणाऱ्या बहुतेक अँपना फक्त आरसीए नावाच्या गोल पिनेतूनच संकेत देता येत असे आणि कंपनीच्या स्टिरिओला मागे तशी पिन नसे, त्यामुळे स्टिरिओ बदलल्याशिवाय गत्यंतर नव्हते. हा समज तिथूनच रुजला असावा. आज मिळणाऱ्या बहुतेक अँपना आणि सीटखाली बसणाऱ्या जवळपास सगळ्या सबवूफरना हाय-लेव्हल इनपुट असतो, म्हणजे मागच्या स्पीकरला जाणाऱ्या तारांवरूनच संकेत घेण्याची सोय असते. ज्या अँपला ती नाही, त्याच्या आधी हाय-लो कन्व्हर्टर नावाची लहानशी डबी लावली की काम होते. हा इनपुट स्टिरिओकडून नगण्य विद्युतप्रवाह घेतो, त्यामुळे मागचे स्पीकर पूर्वीसारखेच वाजत राहतात आणि स्टिरिओवर भार पडत नाही.

अँप सुरू कसा होणार, हा प्रश्नही याच जोडणीत सुटतो. गाडीतल्या स्टिरिओच्या स्पीकरकडे जाणाऱ्या दोन्ही तारांवर, गाणे वाजत नसतानाही, बॅटरीच्या साधारण निम्मे म्हणजे सहा-सात व्होल्ट असतात. अनेक अँप हा दाब ओळखून आपोआप सुरू होतात आणि स्टिरिओ बंद झाला की बंद होतात. इथेच एक सावधगिरी सांगावी लागते. दोन्ही तारांवर दाब असल्यामुळे त्यांतली एकही तार अर्थ नसते, आणि "काळी तार बॉडीला टेकवली तरी चालते, काही होत नाही भाऊ" असे म्हणून कोणी ती गाडीच्या पत्र्याला जोडली तर स्टिरिओच्या आतला चिप जळू शकतो. मग दोष सबवूफरच्या माथी मारला जातो.

नवा स्टिरिओ घेतला तर बेस जास्त येईल, हेही खरे नाही. डब्यावर "4×50 वॅट" लिहिलेले असो की "4×60", आतला चिप बॅटरीच्या 14.4 व्होल्टवरच चालतो. चार ओहमच्या स्पीकरवर इतक्या दाबातून गणिताने जास्तीत जास्त 26 वॅट निघतात आणि चिपमधला तोटा वजा केला की हाती अठरा ते बावीस वॅट उरतात, मग स्टिरिओ कंपनीचा असो की बाहेरचा. उलट गाडीसोबत आलेल्या स्टिरिओला स्टिअरिंगवरची बटणे, रिव्हर्स कॅमेरा आणि कित्येक गाड्यांत दार उघडे असल्याच्या सूचनाही जोडलेल्या असतात. तो काढून स्वस्तातला मोठ्या पडद्याचा स्टिरिओ बसवला आणि त्यानंतर अंधारात धुऱ्यावर गाडी मागे घेताना कॅमेराच दिसेना, असे घडलेले मी पाहिले आहे.

तरीही या दाव्याला दोन ठिकाणी आधार आहे आणि तो मान्य केला पाहिजे. काही गाड्यांचा स्टिरिओ आवाज वाढवत नेला की दारातले लहान स्पीकर वाचावेत म्हणून बेस आपोआप कमी करतो. हे घरीच ओळखता येते. ढोल किंवा बेस गिटार एकसारखी चालणारे गाणे लावावे, आवाज हळूहळू चढवावा आणि निम्म्याच्या पुढे गाण्याचा वरचा भाग वाढतो पण खालचा मागे राहतो का, ते ऐकावे. तसे असेल तर तारांवरून घेतलेल्या संकेतातही तो बेस कमीच येणार, आणि तो भरून काढणारा डीएसपी नावाचा वेगळा संच घ्यावा लागतो किंवा मध्यम आवाजावर समाधान मानावे लागते. दुसरी अडचण महागड्या गाड्यांची आहे. ज्यांत कंपनीचाच वेगळा अँप असतो, त्यांत एका स्पीकरला वरचे सूर आणि दुसऱ्याला खालचे असे संकेत आधीच विभागलेले असतात, आणि तार चुकीच्या जागी पकडली तर सबवूफरपर्यंत बेस पोहोचतच नाही. आपल्याकडच्या रस्त्यांवर धावणाऱ्या बहुसंख्य हॅचबॅक आणि जीपवजा गाड्यांत मात्र असा अँप नसतो.

बॅटरीच्या दाव्यासाठी साधा हिशोब पुरेसा आहे. दीडशे वॅट आरएमएसचा, म्हणजे सतत देता येणाऱ्या खऱ्या शक्तीचा, अँप पूर्ण जोरात असताना, सुमारे 80 टक्के कार्यक्षमता धरली तर, चौदा अँपियरच्या आसपास प्रवाह घेतो. पण गाणे म्हणजे एकसारखा भोंगा नव्हे; त्यात ठोका असतो आणि ठोक्यांच्या मधली शांतता असते, त्यामुळे मोठ्या आवाजातही सरासरी पाच अँपियरच्या वर सहसा जात नाही. 55 वॅटचे दोन हॅलोजन दिवे लावले की आठ अँपियर लागतात. रात्री दिवे लावून दारव्ह्याहून यवतमाळला जाताना बॅटरी बसेल अशी भीती कोणाला वाटत नाही, मग त्याहून कमी भाराची का वाटावी? इंजिन चालू असताना हा सगळा प्रवाह अल्टरनेटर (इंजिनवर चालणारे वीज बनवणारे यंत्र) देतो आणि लहान गाडीच्या अल्टरनेटरलाही एवढा भार जड नसतो.

इंजिन बंद असताना मात्र गोष्ट वेगळी आहे. लहान गाडीची बॅटरी बहुधा 35 अँपियर-तासांची असते. वरातीत किंवा मांडवाच्या बाहेर गाडी उभी करून, दारे उघडी टाकून दोन-अडीच तास गाणी वाजवली तर स्टिरिओसह पंधरा-सोळा अँपियर-तास खर्च होतात, म्हणजे जवळजवळ अर्धी बॅटरी. सेल्फसाठी बनवलेली बॅटरी अशी वारंवार निम्म्यापर्यंत रिकामी होणे सोसत नाही. वऱ्हाडी जेवायला गेले आणि परत येईपर्यंत सेल्फ लागेना, हा प्रसंग इथूनच येतो.

आणि एक कारण असे आहे, ज्याचा उल्लेख या संदेशात नाही आणि दुकानातही क्वचितच होतो. अँप कधी चालू व्हायचा हे सांगणारी रिमोटची पातळ तार किल्लीसोबत चालू-बंद होणाऱ्या फ्यूजवर न घेता, सोयीसाठी बॅटरीच्या कायम चालू लाइनवर जोडली, तर गाडी बंद करून आपण झोपलो तरी अँप जागाच असतो. गाणे नसतानाही तो अर्धा ते एक अँपियर घेत राहतो, म्हणजे एका रात्रीत दहा अँपियर-तासांपर्यंत. दोन-तीन रात्री गाडी उभी राहिली की सकाळी नुसती टकटक ऐकू येते. तपासणी सोपी आहे: अंधार पडल्यावर किल्ली काढावी, थोडे थांबावे आणि डिक्की उघडून अँपवरचा लहान दिवा विझला आहे का ते पाहावे. विझलेला नसेल तर बॅटरी नव्हे, जोडणी बदलायची आहे. याशिवाय विदर्भाचा उन्हाळा आहेच. अकोला, चंद्रपूर, ब्रह्मपुरी येथे मे महिन्यात पारा 45 अंशांच्या वर जातो, बोनेटच्या आतले तापमान त्याहून कितीतरी अधिक असते, आणि लेड-ॲसिड बॅटरीचे आयुष्य तापमान दहा अंशांनी वाढले की ढोबळमानाने निम्म्यावर येते. उन्हाने मेलेल्या कित्येक बॅटऱ्यांचे पाप सबवूफरच्या नावावर जमा झालेले आहे.

कॅपॅसिटरने चिंता मिटते, हे तर निव्वळ चुकीचे आहे. एक फॅरडचा कॅपॅसिटर 14.4 व्होल्टवरून 13.4 व्होल्टवर येईपर्यंत सुमारे चौदा ज्यूल ऊर्जा देतो. 300 वॅटचा अँप पूर्ण जोरात ती सेकंदाच्या पंचविसाव्या भागात संपवतो. ठोक्याबरोबर दिवे क्षणभर मंद होत असतील तर त्याचा किंचित उपयोग होईल, परंतु तो ऊर्जा निर्माण करत नाही. जेवढी देतो तेवढी पुन्हा बॅटरीकडूनच घेतो. तो पैसा जाड तारेवर खर्च करणे अधिक योग्य.

हजार वॅटच्या आग्रहाबद्दल फार लिहावे असे काही नाही. डब्यावरचा मोठा आकडा बहुधा क्षणिक किंवा कमाल शक्तीचा असतो. विचारायचा तो आरएमएस. दुकानदाराला तोही माहीत नसेल, तर अँपवरचा फ्यूज पाहावा. फ्यूज 30 अँपियरचा असेल तर 14 व्होल्टने गुणले की 420 वॅट आत जातात आणि क्लास-डी प्रकारच्या अँपमधून त्यांपैकी 330-340 बाहेर पडतात. जुन्या क्लास-एबी प्रकारात तर 230 च्या आसपासच. त्यावर 1,200 लिहिलेले असले तरी भौतिकशास्त्र बदलत नाही. शिवाय शक्ती दुप्पट केल्याने आवाज फक्त तीन डेसिबलने वाढतो, आणि कानाला तो दुप्पट वाटण्यासाठी शक्ती दहापट लागते. बंद गाडीच्या एवढ्याशा पोकळीत शंभर-दीडशे खरे वॅट आणि आठ किंवा दहा इंची सबवूफर पुरे होतो. ज्याच्या डिक्कीत कधी खताची गोणी, कधी फवारणीचा पंप असतो, त्या कास्तकाराने बारा इंची पेटीच्या मोहात न पडता सीटखालचा सबवूफर घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. फक्त पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल पायांबरोबर आत येतो, म्हणून त्याखाली जाड रबरी चटई हवी.

दारातले स्पीकर फाटतात या दाव्यात कारण आणि परिणाम उलटे झालेले आहेत. दारातले साडेसहा इंची स्पीकर फाटतात ते त्यांच्याकडून न झेपणारा बेस मागितल्यामुळे. धावत्या गाडीत टायरचा आणि वाऱ्याचा आवाज मुख्यतः खालच्या सुरांचा असतो आणि तो गाण्यातला नेमका बेस झाकून टाकतो. समृद्धी महामार्गावर ताशी 120 किलोमीटरने जाताना गाणे पातळ वाटू लागते ते यामुळेच. मग माणूस स्टिरिओवरचा बेस शेवटपर्यंत वाढवतो, अठरा वॅटचा चिप त्याच्या मर्यादेला टेकतो, आवाज चिरकतो आणि त्या चिरक्या संकेतात स्पीकर जळतो किंवा फाटतो. साधारण 80 हर्ट्झच्या खालचे काम सबवूफरकडे सोपवले की स्टिरिओवरचा बेस मध्यावर ठेवूनही गाणे भरीव वाटते. आणखी काळजी घ्यायची असेल तर दाराच्या स्पीकरच्या तारेत, अँपसाठी संकेत जिथून घेतला त्याच्या पुढे, 400 मायक्रोफॅरडचा नॉन-पोलर कॅपॅसिटर बसवावा. चार ओहमच्या स्पीकरला तो 100 हर्ट्झच्या खालचे सूर कमी करून देतो.

स्पीकर खराब झाल्याची जी तक्रार सबवूफर बसवल्यावर लगेच येते, तिचे कारण बऱ्याचदा वेगळेच असते. सबवूफरचा आणि दारातल्या स्पीकरचा पडदा विरुद्ध दिशांना हलत असेल, तर दोघांचा बेस एकमेकांना खोडतो आणि नवा खर्च करूनही आवाज आधीपेक्षा पोकळ वाटतो. अँपवर फेजचे 0 आणि 180 असे बटण असते. चालकाच्या जागेवर बसून, ओळखीचे गाणे लावून, दुसऱ्याकडून ते बटण एकदा इकडे एकदा तिकडे करवून घ्यावे आणि ज्या स्थितीत बेस अधिक भरतो तिथे ठेवावे. बेस बूस्ट शून्यावरच असावा. गेन म्हणजे आवाजाचे बटण नव्हे, स्टिरिओच्या संकेताशी अँप जुळवण्याची ती घुंडी आहे. ती शेवटपर्यंत फिरवणारा मिस्त्री अँप आणि सबवूफर दोन्ही जाळण्याची तयारी करत असतो.

आता आगीचा दावा. हा सर्वांत गंभीर आहे आणि अर्धवट असल्यामुळेच अधिक घातक आहे. सबवूफर आग लावत नाही. फ्यूज नसलेली तार लावते. बॅटरीच्या धन टोकापासून निघालेली लाल तार बोनेटमधून, इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या भोकातून आत शिरते आणि पायपुसण्याखालून डिक्कीपर्यंत जाते. त्या भोकाला रबरी बूच नसेल तर कच्च्या रस्त्यावरच्या प्रत्येक हिसक्यासरशी पत्र्याची धार तारेचे आवरण थोडे थोडे कापत राहते. एके दिवशी आतले तांबे पत्र्याला टेकते, आणि बॅटरी शेकडो अँपियर त्या तारेत ओतते. अँपवरचा फ्यूज अशा वेळी निरुपयोगी असतो, कारण शॉर्ट त्याच्या अलीकडे झालेला असतो. तार वाचवणारा फ्यूज बॅटरीजवळच हवा, 18 इंचांच्या आत, म्हणजे एका हाताच्या अंतरात. गावाकडे याला उंदरांची जोड आहे. गोठ्याशेजारी किंवा कापूस साठवलेल्या खोलीलगत उभ्या राहणाऱ्या गाडीत ते हमखास शिरतात आणि तारांचे आवरण कुरतडतात, म्हणून लाल तार प्लास्टिकच्या नागमोडी नळीतून नेलेली असावी.

काम करून घेतलेल्या प्रत्येकाने घरी येऊन बोनेट उघडावे आणि बॅटरीच्या लाल टोकापासून ती तार बोटाने पकडून पुढे जावे. हातभर जाण्याच्या आत फ्यूजची डबी लागली नाही, तर ती बसवून घेईपर्यंत तारेचे बॅटरीकडचे टोक काढून ठेवावे. फ्यूजचा आकडा तारेच्या जाडीला झेपेल इतकाच असावा. उडतो म्हणून मोठा घालणे किंवा तारेचा तुकडा गुंडाळणे म्हणजे राखणदाराला हाकलून चोराला दार उघडून देणे आहे.

तारेची जाडी हा त्याच मुद्द्याचा दुसरा भाग. 30 अँपियरच्या अँपला आठ गेजची, म्हणजे सुमारे आठ चौरस मिलिमीटर छेदाची तांब्याची तार लागते. पाच मीटर लांबीत तिच्यात पूर्ण भारावर 0.3 व्होल्ट गळतात, ते चालण्यासारखे आहे. पण स्वस्त किटमधली तार बहुधा तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनिअमची असते आणि तिची वाहकता तांब्याच्या दोन-तृतीयांशाहूनही कमी भरते. वर आवरण इतके जाड असते की बाहेरून ती भरदार दिसते. ब्लेडने एक तंतू खरवडून पाहावा: आत लालसर असेल तर तांबे, पांढरे चमकले तर ॲल्युमिनिअम. अशी तार वापरायचीच असेल तर एक पायरी जाड घ्यावी. अर्थची तारही तितकीच जाड, दीड-दोन फुटांच्या आतली आणि रंग खरवडून उघड्या केलेल्या पत्र्यावर बोल्टने आवळलेली हवी. रंगावरच आवळलेला अर्थ सैल संपर्कामुळे तापतो, आणि स्पीकरमधून इंजिनच्या वेगाबरोबर चढणारी शिट्टी ऐकू येते तीही बहुधा याच ठिकाणी उगम पावते.

वॉरंटी संपूर्ण रद्द होते, हा दावा अतिशयोक्त आहे. कंपन्यांच्या पुस्तिकांत साधारणपणे असे असते की बाहेरून केलेल्या बदलामुळे उद्भवलेला बिघाड वॉरंटीत बसणार नाही. सबवूफर लावला म्हणून गिअरबॉक्सची जबाबदारी नाकारण्याचे काही कारण उरत नाही. परंतु मूळ वायरिंग कापलेले असेल आणि पुढे विद्युत यंत्रणेत दोष निघाला, तर वाद घालायला आपल्या हाती फारसे काही नसते. म्हणून गाडीच्या मॉडेलप्रमाणे मिळणारे कपलर वापरावे, म्हणजे एकही तार कापावी लागत नाही आणि हवे तेव्हा सगळे काढून ठेवता येते. आपल्या पुस्तिकेतले त्याविषयीचे पान आधी वाचून घ्यावे आणि बसवणाऱ्याकडून पक्के बिल घ्यावे.

राहिला शेवटचा, "आवाज आपला" हा दावा. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री 10 ते सकाळी 6 या वेळेत उघड्यावर ध्वनिवर्धक वाजवता येत नाहीत. निवासी भागाची मर्यादा दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल आहे, आणि रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्याभोवतीचा किमान 100 मीटरचा जो भाग शांतता क्षेत्र म्हणून जाहीर झालेला असतो, त्यात ती आणखी कमी, 50 आणि 40 आहे. आपल्याकडे ग्रामीण रुग्णालय आणि जिल्हा परिषदेची शाळा अनेकदा मुख्य रस्त्यालाच लागून असतात, त्यामुळे गावातून नुसते जातानाही आपण अशा क्षेत्रात असू शकतो. काचा लावल्याने सुटका होत नाही. 50 हर्ट्झच्या लहरीची लांबी जवळपास सात मीटर असते. काच आणि पत्रा गाणे अडवतात, ठोका बाहेर पडतोच. इतकेच नव्हे, तर मोजणी ज्या डेसिबल-ए मापात होते, ते माप 50 हर्ट्झचा आवाज तीस डेसिबलने कमी धरते, म्हणून मोबाइलवरच्या ॲपमध्ये आकडा कमी दिसला तरी शेजाऱ्याच्या टिनपत्र्यांचा खडखडाट थांबलेला नसतो. बऱ्याच अँपसोबत बेसची लहान घुंडी लांब तारेसह मिळते आणि बसवणारे ती तशीच डब्यात सोडून देतात. ती मागून घेऊन डॅशबोर्डखाली लावावी. गावात शिरताना तेवढी शून्यावर आणली की गाणे दारातल्या स्पीकरवर चालू राहते.